हात ठेवा, थांबा

रेडेकर बाईंच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या आधी नियमांची पाटी दिसायची. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच निळ्या पाटीवर बाईंनी स्वतः रंगवलेली पांढरी अक्षरं. शांतता राखा. मनात वाचा. पानाचा कोपरा दुमडू नका. थुंकी लावून पान उलटू नका. घेतलेलं पुस्तक शेजारच्याला परस्पर देऊ नका. पाटीवर खाली बरीच जागा मोकळी होती, कारण मुलं नवनवे गुन्हे शोधून काढण्यात पटाईत असतात, असं बाईंचं अनुभवांती झालेलं मत होतं.

शाळा पाचवी ते आठवीची, हिरण्यकेशीच्या काठच्या एका बाजारगावातली. गावात विजेवरची एसटी येऊन जुनी झाली होती, उसावर औषध मारायला ड्रोन उडत होते, पण ग्रंथालयात बाईंचंच राज्य होतं. कडक माणसं दोन प्रकारची असतात. एक, नियम इतरांना लावणारी आणि दुसरी, आधी स्वतःला लावणारी. बाई दुसऱ्या प्रकारातल्या. पुस्तकांजवळ खाऊ-पिऊ नये म्हणून त्या स्वतःचा चहा भर पावसात व्हरांड्यात उभं राहून प्यायच्या. त्यामुळे मुलं त्यांना घाबरायची खरी, पण त्यांच्याबद्दल वाईट बोलायची नाहीत.

त्या वर्षी शाळेला देणगीतून छत्र्या मिळाल्या. कंपनीनं त्यांना मोठं भारदस्त नाव दिलं होतं, पण प्रत्येक टेबलावर छताला टांगलेली ती पांढरी गोल वस्तू पाहून मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. छत्री. टेबलाच्या पायाला बटण. ते दाबलं की टेबलाभोवतीचा आवाज बंद.

आवाज म्हणजे हवेला बसणारे हेलकावे. एका हेलकाव्यात हवा दाबली जाते, पुढच्यात सैल पडते. जिथं हवा दाबली जातेय तिथं नेमकी तेवढीच सैल हवा आणून सोडली, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे काहीच उरत नाही. ही युक्ती जुनीच होती. कानाला लावायच्या यंत्रांत ती केव्हापासून वापरात होती. पण कानातली टीचभर हवा गप्प करणं निराळं आणि अख्ख्या टेबलावरची निराळं. तोंडातून निघालेला आवाज दाही दिशांना पळतो, त्याला गाठणार कसं? या छत्रीच्या आतल्या बाजूला पातळ पडदा होता आणि त्यावर मोहरीएवढे हजारो ठिपके. प्रत्येक ठिपका कानही होता आणि तोंडही. टेबलाच्या कडेला बसवलेली भिंगं बोलणाऱ्याच्या ओठांची आणि गळ्याची थरथर पाहून येणारा आवाज आधीच ताडायची. शब्द ओठांपासून वीतभर जायच्या आत त्याचा उलटा जोडीदार येऊन त्याला मिटवून टाकायचा. छत्रीखाली बसून बोललं, तर समोरच्याला सोडा, स्वतःलाही ऐकू येत नसे. हाडांतून येणारी बारीकशी गुणगुण तेवढी जाणवायची.

मुख्याध्यापक कित्तूरकर सर खूश होते. बाई मात्र रुसल्यासारख्या झाल्या. पहिला नियम आता कुणी पाळायचंच कारण उरलं नव्हतं. जो नियम मोडताच येत नाही तो पाळतं कोण, असं त्यांनी सरांना विचारलं. सर हसले आणि म्हणाले, बाई, तुमचा घसा वाचला असं समजा.

मुलांनी यंत्रालाही वळसा घातला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सातवीचा अख्खा वर्ग एकमेकांचे ओठ वाचायला शिकला. टेबलाटेबलांवर तोंडं माशांसारखी उघडमीट करायची आणि खोलीत चिडीचूप. मग बाईही ओठ वाचायला शिकल्या. शिकल्यावर कळलं, की मुलं बहुतेक वेळा डब्याबद्दल बोलतात आणि उरलेल्या वेळात बाईंबद्दल.

एक अडचण मात्र खरी होती. छत्रीखालच्या माणसाला हाक ऐकू येत नाही. पाचवीतल्या एकाला कुणीतरी मागून खांद्याला धरून हलवलं, तेव्हा ते पोर असं दचकलं की दुसऱ्या दिवशी शाळेत येईना. बाईंनी रंगाची डबी काढली आणि पाटीवर नवा नियम लिहिला. हात ठेवा, थांबा. वाचणाऱ्याशी बोलायचं असेल तर त्याच्या टेबलाच्या कडेवर तळहात उघडा ठेवायचा आणि तो मान वर करीपर्यंत थांबायचं. टकटक करायची नाही, हात उचलायचा नाही. वाचणारा आपलं वाक्य पुरं करील, वाटलं तर पान पुरं करील. मुलांना हा नियम का कोण जाणे फार आवडला. सर स्वतः काही विचारायला आले तरी त्यांना चौथीतून नुकत्याच आलेल्या मुलीपुढे तळहात टेकून उभं राहावं लागायचं. सुरुवातीला त्यांना ते कमीपणाचं वाटलं, मग सवय झाली.

कोपऱ्यातल्या टेबलावर गिरिजा बेळगुद्री बसायची. सातवीतली, दोन घट्ट वेण्यांची. सातवीचं कपाट संपवून ती आठवीच्या कपाटाला लागली होती. तिचे वडील मल्लाप्पा मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारायचे. बोली आता फोनवर लागायची, तरीही मल्लाप्पाचा आवाज चढल्याशिवाय व्यापाऱ्यांना सौदा झाल्यासारखा वाटत नसे. आणि त्याच मल्लाप्पाच्या पोरीचा शब्द तोंडातच अडकायचा. ग, ब, म ही अक्षरं तर तिची वैरीच, म्हणजे नाव, आडनाव आणि बापाचं नाव सगळंच गेलं. बापानं दोघांच्या वाटणीचं बोलून घेतलं, अशी यार्डात थट्टा चालायची. मल्लाप्पाही हसायचा, पण घरी येऊन ते बायकोला सांगायचा नाही.

शाळेत प्रकट वाचनाची परीक्षा आता टॅब घेत होता. मुलानं टॅबसमोर उतारा मोठ्यानं वाचायचा आणि टॅबनं गुण द्यायचे. शब्दाआधी ठरावीक वेळेपेक्षा जास्त खंड पडला की टॅबच्या लेखी मुलाला ते अक्षर येत नाही. गिरिजाच्या नावापुढे दोनदा शेरा आला होता, अक्षरओळख कच्ची. येत्या शुक्रवारी तिसरी परीक्षा होती. त्यातही तोच शेरा आला तर तिला पायाभूत गटात घालणार होते आणि पायाभूत गटाचा तास ग्रंथालयाच्या तासालाच असायचा. म्हणजे शाळेत सगळ्यात जास्त वाचणाऱ्या मुलीला वर्षभर ग्रंथालय बंद आणि त्याऐवजी क कमळातला. सगळ्यांना ते समजत होतं आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं.

त्या सोमवारी बाईंना दिसलं, की गिरिजाचे ओठ हलताहेत. मनात वाचा हा नियम सर्रास मोडला जात होता. बाई ताडताड निघाल्या, टेबलावर हात ठेवला आणि नियमाप्रमाणे थांबल्या. थांबल्या म्हणून त्यांना ते दिसलं. पोरगी पुस्तक मोठ्यानं वाचत होती आणि ओठ कुठंही अडत नव्हते. ग आला आणि गेला, ब आला आणि गेला. वाक्य नदीसारखं पुढं चाललं होतं. बाईंनी हळूच हात काढून घेतला आणि जागेवर येऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडणाऱ्याला सोडून दिलं होतं.

त्याच आठवड्यात कंपनीकडून सायमा बागवान छत्र्यांची सफाई करायला आली. निपाणीची चुणचुणीत पोरगी. बाईंनी तिला विचारलं, असं होतं कसं? सायमाला ते ऐकून माहीत होतं. अडखळणाऱ्या काही जणांना आपलाच आवाज कानावर परत आला नाही की गाठ सुटते. डॉक्टर लोक पूर्वी कानात खरखर सोडून हा प्रयोग करायचे. नेमकं का होतं यावर अजून एकमत नाही आणि बाहेर आलं की बहुतेकांची गाठ पुन्हा बसते. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. छत्रीखाली परीक्षा घेतली, तर टॅबला ऐकू येईल का?

“टॅबला नाही येणार. छत्रीला येतं,” सायमा म्हणाली. “मिटवायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं ना बाई. या खोलीत सगळ्यात जास्त कान हिलाच आहेत.”

छत्री जे ऐकायची ते यंत्र नीट जुळवण्यासाठी काही दिवस जपूनही ठेवायची. छत्रीचा कान टॅबला जोडता येईल, असं सायमा म्हणाली आणि खात्रीसाठी तिनं कोपऱ्यातल्या टेबलावरचा सोमवारचा आवाज आपल्या फोनवर लावला. बाईंनी गिरिजाचा आवाज ऐकला. जरासा घोगरा, ठाम, कुठंही न अडणारा. बाईंना एकदम भरून आलं. पोरीला आधी विचारावं, असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण सांगितलं तर ती आखडेल, झाल्यावर सांगू, असं म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं. सगळ्या शाळेला थांबायला शिकवणाऱ्या बाई थांबल्या नाहीत. तो आवाज आपल्या फोनवर घेऊन त्या थेट सरांकडे गेल्या.

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मल्लाप्पाला यार्डातून बोलावून घेतलं. ऑफिसात आवाज लावला. मल्लाप्पा उभ्यानं ऐकत होता. रोज शेकडो माणसांपुढे ओरडणारा तो गडी, त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तसाच उभा राहिला. पोरीला बोलवा, असं सरांनी शिपायाला आधीच सांगून ठेवलं होतं. गिरिजा दारात आली तेव्हा खोलीत तिचाच आवाज वाचत होता. ती जरा वेळ ऐकत राहिली. मग सगळ्यांचं लक्ष फोनकडे असताना ती मागे फिरली आणि वर्गात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली, कोपऱ्यात बसली, पुस्तक उघडलं. ओठ मिटलेले. बाई गेल्या आणि टेबलावर हात ठेवला. गिरिजानं पान पुरं केलं, उलटलं आणि पुढचं पान सुरू केलं. बाई थांबल्या. तास संपल्याची घंटा झाली, बाकीचे उठले, तशी पोरीनं उठून पुस्तक जागेवर लावलं आणि बाईंकडे न बघता निघून गेली. बाईंचा हात टेबलावर तसाच होता. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा लख्ख कळलं. छत्रीखाली कुणीच ऐकत नाही, या एका विश्वासावर त्या पोरीची वाणी मोकळी झाली होती आणि तो विश्वास आपण आपल्या हातानं मोडला. आता शुक्रवारी ती छत्रीखालीही वाचणार नव्हती आणि बाहेर तर तिला वाचता येतच नव्हतं.

बाई सरांकडे गेल्या, तर सरांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. छत्री सगळं ऐकते म्हटल्यावर मुतारीची भिंत कुणी रंगवली, कॉप्या कोण पुरवतं, सगळंच कळेल की. बाईंनी त्यांना बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, “सर, मी त्यांचे ओठ वाचते ते त्यांना ठाऊक आहे. ते मला दिसतात, मी त्यांना दिसते. हे दाराआडून ऐकणं झालं. छत्रीची आठवण पुसायची, नाहीतर ग्रंथालयाची किल्ली ही घ्या.”

किल्ली खरोखरच टेबलावर होती. सर तिच्याकडे बघत राहिले. बाईंना नोकरीची गरज आहे हे त्यांना माहीत होतं आणि बाई तोंडदेखलं बोलत नाहीत हेही. सायमाला फोन गेला. जे जपून ठेवलं होतं ते फोनवरच्या आवाजासकट पुसलं गेलं आणि यापुढे छत्री ऐकणार आणि त्याच क्षणी विसरणार, असं ठरलं. बाईंनी पुन्हा रंगाची डबी काढली. इथलं बोलणं इथंच सोडा. आणि त्याखाली बारीक अक्षरात, हा नियम छत्रीला आणि मोठ्या माणसांनाही आहे.

रंग ओला असतानाच त्यांनी गिरिजाला पाटीसमोर उभं केलं. दोघीच होत्या. बाई म्हणाल्या, तुला न विचारता ऐकलं, चुकले मी. आता काही शिल्लक नाही, सगळं पुसलंय. उद्या छत्रीखाली वाचायचं तर टॅबला ऐकू येईल, पण तू हो म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तरी तुझ्यावर माझा राग नाही.

गिरिजानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. वर्गात अशा वेळी सगळे तिच्यासाठी शब्द शोधून द्यायचे, कुणी मायेनं, कुणी कंटाळून. बाईंनी काहीच दिलं नाही. त्यांनी शेजारच्या टेबलावर हात ठेवला आणि थांबल्या. गिरिजानं त्या हाताकडे पाहिलं.

“म... माझा आवाज स... सगळ्यांनी ऐकला,” ती म्हणाली. मध्ये बराच वेळ गेला. “म... मी शेवटी ऐकला.”

एवढंच बोलून ती गेली. हो म्हणाली की नाही, ते बाईंना कळलं नाही.

शुक्रवारी परीक्षा ग्रंथालयातच होती. वर्ग टेबलांवर बसला. सर टॅब घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी आले. मल्लाप्पा ऐन सौद्याच्या वेळी यार्ड सोडून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. आत येताना पाटीवरचं हात ठेवा, थांबा वाचून त्यानं बाईंना सांगितलं होतं, “आमच्यात बी पूर्वी असंच हुतं बगा. टॉवेलाखाली हातात हात घालून सौदा व्हायचा, तोंडानं एक शबूद न्हाई. समोरच्यानं बोट दाबंपर्यंत गप ऱ्हायाचं.” बाई फक्त हसल्या.

गिरिजानं उतारा समोर घेतला. मग ती वाकली, टेबलाच्या पायाशी हात नेला आणि बटण बंद केलं. पंख्याची घरघर ऐकू आली, बाहेरच्या लिंबावरच्या चिमण्या, कुणाच्या तरी चपलेचा आवाज. तिनं बाईंकडे पाहिलं आणि पाटीकडे बोट केलं. मनात वाचा.

“आज मोठ्यानं,” बाई म्हणाल्या. “मी सांगते.”

“अ... अडकला तरी,” गिरिजा म्हणाली, “म... माझा आवाज मला ऐकायचाय.”

उतारा गावाच्या पुलाबद्दल होता आणि पहिलाच शब्द गावाच्या. ग वर गाडी थांबली ती थांबलीच. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली. टॅबवर लाल दिवा लागला. पुढच्या टेबलावरचा एक मुलगा शब्द पुरवायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवला. त्या मुलानं ते पाहिलं आणि तोंड मिटून आपलाही हात ठेवला. त्याच्या शेजारणीनं ठेवला. मग टेबलामागून टेबल, सगळ्या वर्गाचे तळहात लाकडावर उघडे. कुणी सांगितलं नव्हतं. या खोलीत माणसासाठी असंच थांबतात, एवढंच त्या मुलांना माहीत होतं. सरांच्या दोन्ही हातांत टॅब होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, टॅब खाली ठेवला आणि हात टेकला. मल्लाप्पा भिंतीपासून पुढं आला आणि गुळाच्या वासाचा त्याचा मोठा पंजा लेकीच्या टेबलाच्या कडेवर पडला.

“गावाच्या,” गिरिजा म्हणाली.

मग ती वाचत गेली. पुलाला थांबली, बांधलाला थांबली, महापुराला तर फारच थांबली. एकाही हातानं जागा सोडली नाही. उतारा टॅबच्या वेळेच्या कितीतरी पलीकडे संपला. मधल्या एका ओळीत ती अजिबात अडखळली नाही, तेव्हा तिनं स्वतःच दचकून वर पाहिलं, आपलाच आवाज ओळखू आल्यासारखं.

टॅबनं निकाल दिला, अक्षरओळख कच्ची. सरांनी तो वाचला आणि टॅब पालथा ठेवला. टॅबचे गुण बदलायचा अधिकार मुख्याध्यापकाला होता, फक्त वर कारण कळवावं लागायचं आणि त्या कटकटीत आजवर ते पडले नव्हते. कारण काय लिहू, असं त्यांनी बाईंना विचारलं.

“लिहा, मुलीला वाचता येतं,” बाई म्हणाल्या. “ऐकणाऱ्याला थांबता आलं पाहिजे.”

सरांनी तसंच लिहिलं. गिरिजाचा ग्रंथालयाचा तास तिचाच राहिला.

वर्ग हलू लागला, खुर्च्या सरकल्या. मल्लाप्पा अजून टेबलाशीच उभा होता. लेकीला काहीतरी सांगायचं होतं त्याला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. यार्डभर घुमणारा तो आवाज कुठं अडकला कुणास ठाऊक, एक अक्षर बाहेर पडेना.

गिरिजानं त्याच्या पंज्याशेजारी आपला तळहात ठेवला आणि थांबली.